कर्ता कोण?

शाळा सुटल्यानंतरचा अर्धा तास हा मुख्याध्यापकाचा स्वतःचा असतो, असा माझा एक जुना गैरसमज आहे. 2024 साली दिवाळीच्या सुट्टीला चार दिवस उरले असताना नेमक्या त्याच अर्ध्या तासात माझा एक माजी विद्यार्थी कार्यालयाच्या दारात येऊन उभा राहिला. बेळगावात त्याचे कुंद्याचे आणि फराळाचे छोटेसे दुकान आहे. पुढे काउंटर, मागे भट्टी, माडीवर घर. तो, त्याची बायको, दोन आचारी, एक पोऱ्या आणि दिवाळीच्या महिन्यात चकल्या-करंज्या करायला येणाऱ्या चार बायका, एवढाच त्याचा पसारा. वर्गात असताना हा मुलगा शेवटच्या बाकावरून कधी उठल्याचे मला आठवत नाही. त्या दिवशी मात्र तो खुर्चीवर बसायला तयार नव्हता. त्याने आपला फोन माझ्या टेबलावर ठेवला आणि म्हणाला, "सर, हे वाचा."

मडगावच्या एका बाईंनी आदल्या रात्री अकरा वाजून गेल्यावर विचारले होते, की आम्ही काजू चिवडा मागवला आहे, पण माझ्या सहा वर्षांच्या मुलाला शेंगदाणा चालत नाही, अंगावर गांधी उठतात, श्वास लागतो. तुमच्या चिवड्यात शेंगदाणा नसतो ना? त्याखाली, त्याच मिनिटाला, दुकानाकडून गेलेले उत्तर होते. भाषा अशी, की मी पेपर तपासत असतो तर पैकीच्या पैकी गुण दिले असते. ताईंनी काळजी करू नये, आमच्या काजू चिवड्यात शेंगदाणे वापरले जात नाहीत, आपल्या चिमुकल्याला दीपावलीच्या गोड शुभेच्छा.

चिवड्यात काजू होते ही गोष्ट खरी. पण तो तळला होता शेंगतेलात, आणि काजूंच्या जोडीला मूठभर शेंगदाणेही होतेच. आमच्या गावात चिवड्यात शेंगदाणा दिसला नाही तर गिऱ्हाईक पुडा परत आणून देते. दुकानाच्या फोनवर आपोआप उत्तरे देणारी ही सोय त्याच्या पुतण्याने बसवली होती. पोरगा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. त्याने यंत्राला जिनसांची यादी आणि दर दिले होते. कशात काय पडते हे कोणी सांगितलेच नव्हते. 'काजू चिवडा' या दोन शब्दांवरून यंत्राने बाकीचे जुळवून घेतले.

पुडा सकाळच्या बसने गेला. रात्रीचे संदेश पुतण्याने दुपारी बारा वाजता सहज म्हणून चाळले आणि तो जिना उतरून धावत खाली आला. मग फोनावर फोन. बाई उचलेनात. दोन वाजता उचलला. पुडा जेवणाच्या टेबलावर तसाच होता. मुलाचे वडील कचेरीतून आल्यावर फोडायचा असे ठरले होते. पुढे काही झाले नाही. पण माझ्यासमोर उभा राहिलेल्या माणसाचा हात संध्याकाळी पाच वाजताही थरथरत होता. तो पुन्हा पुन्हा एकच वाक्य म्हणत होता, "सर, मी नाही लिहिलं. यंत्रानं लिहिलं." आणि मग जाता जाता, "ठेवू का काढून टाकू, तेवढं सांगा."

मी त्याला लगेच उत्तर दिले नाही. चहा मागवला. शिक्षकाला उत्तर येत नसले की तो चहा मागवतो.

तीस वर्षे मराठीचे व्याकरण शिकवल्यामुळे समोरच्या माणसाच्या बोलण्यातला अर्थ कानात शिरण्याआधी माझ्या कानात प्रत्यय शिरतो. 'यंत्रानं लिहिलं' यातला तो 'नं' मला टोचत राहिला. 'रामाने रावणाला बाणाने मारले' हे वाक्य आपण सगळ्यांनी कधी ना कधी फळ्यावर पाहिलेले असते. 'रामाने' आणि 'बाणाने', दोन्हीकडे तोच 'ने'. एखादा चौकस मुलगा विचारतो, की सर, प्रत्यय एकच असताना राम कर्ता आणि बाण करण कसा? पाणिनीने कर्त्याची खूण सांगितली ती त्याच्या स्वातंत्र्याची, आणि करणाची सांगितली ती क्रिया सिद्धीस नेण्यात त्याचा सर्वाधिक उपयोग होतो ही. गीतेच्या अठराव्या अध्यायातही कर्माची पाच कारणे मोजताना कर्ता आणि करण ही वेगवेगळी मोजलेली आहेत. बाण कितीही अमोघ असला तरी तो राम होत नाही, असे मी मुलांना सांगत आलो.

पण बाण बोलू लागला तर? सुरी, कात, वजनकाटा, टंकलेखनयंत्र, यांपैकी कोणीही आजवर गिऱ्हाइकाला 'ताई' म्हटलेले नव्हते. हे यंत्र म्हणते. त्यामुळे 'यंत्राने लिहिले' या वाक्यातला 'ने' कर्त्याचा की करणाचा, हे केवळ प्रत्ययावरून ठरवता येत नाही, आणि त्या फटीतून माणूस अलगद बाजूला सरकू शकतो. लहान मूल पेला फोडते आणि 'पेला फुटला' म्हणते, तशातली ही गोष्ट. फरक इतकाच की मुलाला आपण लगेच पकडतो.

हे यंत्र उत्तर देते कसे, हे मी त्या पुतण्याकडूनच थोडेफार समजून घेतले. (गुरूने शिष्याच्या पुतण्यापुढे पाटी घेऊन बसावे, हाही काळाचा महिमा.) अफाट लिखाण वाचून घेऊन, कोणत्या शब्दांमागून कोणता शब्द येण्याचा संभव जास्त, याचा अंदाज ते बांधते आणि शब्दामागे शब्द ठेवीत जाते. म्हणजे आमच्या भट्टीवरच्या कढईत काय आहे ते त्याला ठाऊक नसते. अशा प्रश्नाला दुकानदार सहसा कसे उत्तर देतात, ते त्याला ठाऊक असते. आणि दुकानदार सहसा गिऱ्हाइकाला 'काळजी करू नका' असेच सांगतात. यंत्राने त्या बाईंना फसवले नाही. फसवायला आधी खरे काय ते माहीत असावे लागते.

आणि तरीही आपण विश्वास ठेवतो. अमेरिकेतल्या एम.आय.टी. संस्थेत जोसेफ वायझेनबाउम नावाच्या प्राध्यापकांनी 1966 साली 'एलायझा' नावाचा एक साधा संवाद करणारा कार्यक्रम प्रसिद्ध केला होता. टाइप केलेले वाक्य थोडे उलटसुलट करून ते प्रश्नरूपाने परत द्यायचे, इतकीच त्याची करामत. त्यांच्या स्वतःच्या चिटणीस बाई, ज्यांनी तो कार्यक्रम तयार होताना पाहिला होता, त्याच्याशी बोलायला बसल्या आणि थोड्याच वेळात प्राध्यापकांना म्हणाल्या, की आपण जरा खोलीबाहेर जाल का? वायझेनबाउम या प्रसंगाने पुरते अस्वस्थ झाले आणि पुढे 1976 मध्ये त्यांनी यंत्राच्या बुद्धीच्या मर्यादांवर एक सबंध पुस्तक लिहिले. तेव्हाचे ते यंत्र आजच्या मानाने खेळणे होते.

जाता जाता एक योगायोग. 'कृत्रिम बुद्धिमत्ता' हे नाव धारण करणारे पहिले चर्चासत्र अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजात भरले ते 1956 च्या उन्हाळ्यात. त्याच वर्षीच्या 1 नोव्हेंबरला आमचा जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. ही तारीख आमच्याकडे दोन्ही भाषांच्या माणसांना वेगवेगळ्या कारणांनी पाठ आहे. त्या दोन घटनांचा एकमेकींशी कसलाही संबंध नव्हता. तो जुळायला सत्तर एक वर्षे लागली, आणि जुळला तो एका फराळाच्या दुकानात. त्याकडे पुढे येतोच.

माझे वडील रविवार पेठेतल्या एका अडत दुकानात दिवाणजी होते. सावकार लिंगायत, घरात कानडी बोलणारे, वडील मराठी, वह्या मोडीत. गुळाच्या, मिरचीच्या बाजाराची पत्रे वडीलच लिहीत आणि खाली दुकानाचा शिक्का मारीत. 1979 साली, मी तेव्हा प्राथमिक शाळेत होतो, त्यांच्या हातून एका पत्रात ब्याडगी मिरचीचा दर चुकून क्विंटलमागे 60 रुपये कमी पडला. सांगलीच्या व्यापाऱ्याने त्या दराने 40 पोती मागवली. चूक ध्यानात आली तेव्हा वडील त्या रात्री जेवले नाहीत. हिशेबाने ती रक्कम त्यांच्या चार महिन्यांच्या पगाराएवढी होत होती. सकाळी त्यांनी सावकारांपुढे वही ठेवली आणि म्हणाले, की मी सांगलीला लिहून चूक कळवतो, ते जुने लोक आहेत, ऐकतील. सावकारांनी पत्राची नक्कल पाहिली. म्हणाले, "शिक्का कुणाचा हाय दिवाणजी? आपलाच न्हवं? मग माल जाऊ द्या."

ही हकीकत आमच्या घरी शेकडो वेळा सांगितली गेली आहे. पण वडील ती सावकारांच्या औदार्याची म्हणून सांगत नसत. ते त्यापुढचा भाग सांगत. सावकारांनी पगारातून एक पैसाही कापला नाही, मात्र त्या दिवसापासून दराचे प्रत्येक पत्र टपालात पडण्यापूर्वी स्वतः वाचून घेण्याची पद्धत सुरू केली. मराठी वाचायला त्यांना वेळ लागे. रोज संध्याकाळी चष्मा लावून, बोट फिरवीत, एकेक ओळ. टपालाची वेळ चुकू लागली तेव्हाही वाचल्याशिवाय सोडीत नसत.

कायदाही याहून निराळे काही सांगत नाही. आपल्याकडच्या 1872 च्या करार कायद्यात, मुखत्याराने दिलेल्या अधिकारात मालकाच्या वतीने केलेला व्यवहार मालकाने स्वतः केल्यासारखाच धरला जातो. यंत्र तर मुखत्यारसुद्धा नव्हे. मुखत्यार व्हायला माणूस लागतो. मग उरतो तो मालकच. कॅनडात हा प्रश्न प्रत्यक्ष उभा राहिला. आजीच्या निधनानंतर प्रवास करणाऱ्या एका माणसाने 2022 साली एअर कॅनडा या विमान कंपनीच्या चॅटबॉटला शोकप्रसंगी मिळणाऱ्या सवलतीबद्दल विचारले. चॅटबॉटने सांगितले, की आधी तिकीट काढा, नव्वद दिवसांत अर्ज केलात तर सवलत मिळेल. कंपनीचा खरा नियम तसा नव्हता. प्रकरण ब्रिटिश कोलंबियातल्या न्यायाधिकरणापुढे गेले, तेव्हा कंपनीची बाजू थोडक्यात अशी पडली, की चॅटबॉट हा स्वतंत्र आहे, त्याच्या बोलण्याची जबाबदारी त्याची. फेब्रुवारी 2024 मध्ये न्यायाधिकरणाने ही बाजू फेटाळली आणि व्याज व शुल्क धरून सुमारे 812 कॅनेडियन डॉलर प्रवाशाला द्यायला लावले. रक्कम किरकोळच. पण एवढी मोठी कंपनी जे म्हणाली ते आणि माझा विद्यार्थी टेबलाशी उभा राहून जे म्हणाला ते, ही दोन्ही वाक्ये एकच होती. त्याच्या बाजूने एवढे सांगितले पाहिजे, की त्याचा हात थरथरत होता.

हे वाचून कोणी म्हणेल, की मग सरळ काढून टाका ना ते यंत्र. मलाही त्या संध्याकाळी क्षणभर तसेच वाटले. पण त्याने मला जी गोष्ट सांगितली ती ऐकून मी गप्प बसलो. दिवाळीच्या तीन आठवड्यांत त्याच्या दुकानाला दिवसाला दीड-दोनशे संदेश येतात. कोल्हापूर, पुणे, पणजी, हुबळी, बेंगळुरू. पूर्वी त्याची बायको भट्टीवरचे काम आटोपून रात्री एक-एक वाजेपर्यंत उत्तरे टाइप करीत बसे. दोन वर्षांपूर्वी ती त्या दिवसांत चक्कर येऊन जिन्यात पडली. मोठ्या मिठाईवाल्यांकडे फोन घ्यायला चार मुली पगारावर असतात, याच्याकडे बायको. वर्षानुवर्षे ज्याला कारकून परवडला नाही, त्याला आता प्रथमच एक कारकून मिळतो आहे. तो नाकारण्याचीही किंमत असते आणि ती कोणी तरी जिन्यात पडून देत असते. नीतीची चर्चा करणारी आम्ही मंडळी बहुधा बसून बोलतो, हे ध्यानात ठेवलेले बरे.

माझ्या वडिलांची नोकरीही यंत्रानेच गेली, हेही इथे सांगून टाकतो. नव्वदीत दुकानात संगणक आला, टॅली आली, आणि मोडी जाणणाऱ्या दिवाणजींची गरज संपली. त्यांनी संगणकाला कधी शिव्या दिल्या नाहीत. एकदाच म्हणाले, "बेरीज चुकत नाही त्याची, चांगलं आहे. चुकली तर जेवायचं कोण राहणार, एवढंच विचारा."

त्यामुळे विद्यार्थ्याचा 'ठेवू का काढू' हा प्रश्न मला तिथल्या तिथे बदलावासा वाटला. छोट्या धंद्याने या नव्या कारकुनाला पहिल्या दिवशी कुठे बसवायचे, हा खरा प्रश्न. अडत दुकानात नवा पोरगा आला की त्याला आधी पोती मोजायला, मग जुनी पत्रे लावायला बसवीत. गल्ल्यावर आणि दराच्या पत्रावर पहिल्या दिवशी कोणी बसवीत नसे. आमच्या मंडळींनी नेमके उलटे केले. थेट गिऱ्हाइकाशी बोलायलाच त्याला पुढे बसवले, कारण तेच काम सगळ्यात जास्त नकोसे झाले होते. जे काम चुकले तर आपल्या आपण लगेच ध्यानात येईल, तिथून सुरुवात करावी असे मला वाटते. गेल्या तीन दिवाळ्यांत कोणत्या दिवशी किती कुंदा खपला ते पाहून यंदा किती दूध सांगायचे, याचा अंदाज यंत्राकडून घ्यावा. चुकले तर आचारीच सांगेल. वस्तूंच्या कराची माहिती देणारे इंग्रजी परिपत्रक सोप्या मराठीत करून घ्यावे, आणि हिशेबनिसाला दाखवावे. पुड्यावरचा मजकूर, दुकान अमुक दिवशी बंद राहील ही सूचना, हेही ठीक. पण कशात काय पडते, माल कधी पोचेल, दर किती, उधारी किती दिवस, आणि चूक झाली तर माफी, ही पाच उत्तरे यंत्राने परस्पर देऊ नयेत. यादी माझी नाही, त्याच्या बायकोची आहे. माफीची भर तिने घातली. ती म्हणाली, की मडगावच्या ताईंना पाठवायला यंत्राने माफीचे पत्रही लगेच लिहून दिले होते, इतके सुंदर की ते पाठवायची लाज वाटली.

उधारीवरून आठवले. पुतण्याचा पुढचा बेत असा होता, की दहा वर्षांची उधारीची वही यंत्राला द्यायची आणि कोणाला उधार द्यावे, कोणाला देऊ नये, ते विचारायचे. यात मला दोन गोष्टी खटकल्या. एक तर ती वही एकट्या दुकानदाराची नसते. गल्लीतल्या कोणाच्या घरी कोणत्या महिन्यात पैसे नव्हते, याची ती नोंद असते. वडील वहीतला शब्द घरीसुद्धा बोलत नसत. आता 2023 सालचा वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदाही झाला आहे. पण तो नसता तरी शेजाऱ्याची अडचण परक्या यंत्राच्या पोटात घालायला माझे मन धजले नसते. दुसरी गोष्ट, यंत्र सांगेल की अमुक घर पैसे थकवते, आणि ते बरोबरच सांगेल. पण त्याच घरच्या म्हातारीने 2019 च्या पुरात याच्या भट्टीवरच्या माणसांना दोन दिवस जेवू घातले होते, ते वहीत लिहिलेले नाही. विद्यार्थ्याने वही कपाटात ठेवली. या बाबतीत त्याला माझ्या उपदेशाची गरज पडली नाही.

आता भाषेचा मुद्दा. इथे आमच्या सीमाभागाची गोष्ट इतरांहून वेगळी होते, आणि मला सर्वांत जास्त विचार करायला याच गोष्टीने लावले आहे.

यंत्राची मराठी स्वच्छ आहे, पण ती आमची नव्हे. आमच्याकडे 'खरं' हा शब्द 'पण' या अर्थाने सर्रास वापरतात. बाहेरच्यांना नवल वाटते. शहापूरच्या एका जुन्या गिऱ्हाइकाने साखरपुड्यासाठी संदेश धाडला होता : 'पंधरा किलो कुंदा पक्का खरं आईला विचारून सांगतो.' बेळगावातले शेंबडे पोरही सांगेल की ऑर्डर अजून पक्की नाही. यंत्राने 'पक्का' आणि 'खरं' हे दोन शब्द एकापुढे एक पाहिले आणि अभिनंदनासह ऑर्डर नोंदवली. तिसऱ्या दिवशी भट्टीवरून पंधरा किलो कुंदा उतरला आणि आईचा नकार आला. कुंदा काही दिवसांचा सोबती. आमच्या शाळेतल्या शिपायापासून माझ्यापर्यंत सर्वांनी त्या आठवड्यात भरपूर कुंदा खाल्ला. हा प्रसंग मी हसत सांगतो, विद्यार्थी अजून हसत नाही.

कानडीचे मात्र निराळे आहे. मराठीत यंत्र चुकले तर आपल्याला दिसते तरी. आमच्या पिढीतल्या अनेक मराठी दुकानदारांची कानडी बोलण्यापुरती आहे. वाचायला जड, लिहायला त्याहून जड. 2024 साली राज्याच्या भाषा कायद्यात दुरुस्ती होऊन दुकानाच्या पाटीवर 60 टक्के कानडी मजकूर असणे सक्तीचे झाले, तेव्हा गावातल्या पुष्कळांनी यंत्राकडून पाट्यांचा मजकूर करून घेतला. त्या सक्तीबद्दल आपापली मते असतील, माझेही आहे. आजचा विषय तो नाही. माझ्या विद्यार्थ्यानेही मजकूर करून घेतला आणि रंगाऱ्याकडे देण्यापूर्वी केवळ सवयीने तो तहसील कचेरीबाहेर अर्ज लिहून देणाऱ्या एका वृद्ध कानडी मास्तरांना दाखवायला नेला.

हे मास्तर आमच्या भागातल्या दोन पिढ्यांचे हात आहेत. निवृत्त झाल्यापासून लिंबाखाली टेबल टाकून बसतात. उताऱ्याचा अर्ज, वीज मंडळाला तक्रार, बँकेला विनंती, मराठी माणसाने मराठीत सांगायचे आणि त्यांनी कानडीत लिहायचे. "ऊट आतेनरी?" असे विचारून जेवण झाल्याची खात्री करून घेतल्याशिवाय कागद हातात घेत नाहीत. त्यांनी पाटीचा मजकूर पाहिला आणि डोके हलवले. यंत्राने फराळाचा 'उपाहार' केला होता. म्हणजे पाटी वाचून लोक सकाळी इडली मागायला आले असते. मास्तर म्हणाले, "ही बेंगळुरूच्या छापील कागदावरची कानडी. फराळ म्हणजे काय ते आमच्या लोकांना सांगायला पाहिजे होय?" आणि त्यांनी कानडी लिपीत सरळ 'फराळ' असे लिहून दिले.

त्यांच्याकडे गिऱ्हाईक आता कमी झाले आहे. यंत्र फुकट लिहून देते, रांग नाही, सुट्टी नाही. मी त्यांच्या बाजूला उभा राहून यंत्राविरुद्ध भांडू का? त्यांच्या पन्नास रुपयांसाठी कोणी गरिबाने रांगेत उभे राहावे असे मी म्हणू शकत नाही. पण एक गोष्ट मला सुटत नाही. सत्तर वर्षे आमच्या भागात भाषेवरून काय काय झाले ते इथल्या वाचकांना मी सांगायला नको. त्या सगळ्या काळात मोर्चाहून परत आलेला मराठी माणूस दुसऱ्या दिवशी अर्ज घेऊन कानडी मास्तरांच्या टेबलाशी बसत होता, आणि कानडी सावकार संध्याकाळी चष्मा लावून मराठी पत्रावर बोट फिरवीत होते. ते प्रेमाने नव्हे, गरजेने. गरज होती म्हणून एकमेकांच्या दारात जावे लागे, आणि जावे लागे म्हणून जेवलात का ते विचारले जाई. आता दोघांनाही एकमेकांची भाषा न शिकता, एकमेकांच्या दारात न जाता, एकमेकांना निर्दोष पत्रे पाठवता येतील. सोय मोठी आहे. तिच्यात काय कापले जाते ते मला अजून नीट मांडता येत नाही, आणि यंत्राला विचारावे असेही वाटत नाही.

शिवाय तो पहिला प्रश्न इथे अधिकच अवघड होतो. जी भाषा मला वाचता येत नाही, तीत यंत्राने माझ्या नावाने लिहिलेले पत्र मी वाचून सोडायचे म्हणजे काय? सावकारांना मराठी जड जाई, पण येत होती. ज्याला अजिबात येत नाही त्याने काय करावे? हुबळीच्या एखाद्या आईने उद्या कानडीत विचारले, की यात शेंगदाणा आहे का, तर? विद्यार्थ्याला मी हे विचारले तेव्हा तो बराच वेळ फोनकडे बघत बसला.

यंत्र त्याने काढले नाही. 2025 च्या श्रावणापासून ते रात्री फक्त एवढेच लिहिते, की आपला संदेश मिळाला, सकाळी दुकानातून माणूस उत्तर देईल. बाकी उत्तरांचे मसुदे ते करून ठेवते. बायको सकाळी सात वाजता चहा घेत ते वाचते, निम्मे बदलते आणि पाठवते. तासाभराचे काम. जिनसांच्या यादीपुढे आता प्रत्येकात काय पडते ते लिहिले आहे, तेलासकट. तरीही शेंगदाण्याच्या प्रश्नाला ती फोनच करते. मडगावच्या ताईंनी पुन्हा काही मागवलेले नाही.

कानडी मसुदे मात्र राहतात. तेवढ्यापुरते तो माझ्याकडे आला होता, परवा, शाळा सुटल्यावरच्या त्याच अर्ध्या तासात. "सर, तुम्हाला येते ना कानडी?" मला वर्तमानपत्राचा मथळा लागतो, पत्र लागत नाही, हे मी प्रथमच एका विद्यार्थ्यापुढे कबूल केले. मग आम्ही दोघे त्याच्या स्कूटरवरून तहसील कचेरीकडे गेलो. मास्तर टेबल आवरत होते. त्यांनी खुर्ची पुन्हा उघडली, फोन डोळ्यांपासून हातभर लांब धरला, अक्षर मोठे करून मागितले आणि वाचायला सुरुवात करण्यापूर्वी विचारले, "ऊट आतेनरी?"

संध्याकाळचे साडेपाच वाजले होते. विद्यार्थी म्हणाला, नाही झालं.